बारा रियालचं अंथरूण

रुवीत, बँकांच्या मागच्या गल्लीत
कोयाचं दुकान. काचेत तीन ट्रायपॉड
मुलाखतीला आल्यासारखे उभे.

पहिला कार्बनचा. पंच्याण्णव रियाल.
उचलला तर हातात काही घेतलंय असं वाटेना,
दुसऱ्याचं बाळ ठेवावं तसा
हळूच जागेवर ठेवला.

दुसरा साडेसहाचा, चंदेरी, तुरतुरीत,
माझ्या बोटाच्या एका टिचकीनं
पायापासून डोक्यापर्यंत शहारला
आणि बराच वेळ शहारत राहिला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथं पाय तीन
आणि अंथरूण बारा रियालचं.
रुपयांत मी हिशेब करत नाही,
रुपयांत इथला चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

तिसरा जुना. देश सोडून गेलेल्या कुण्या
फिलिपिनो फोटोग्राफरनं विकलेला.
एक पाय पोचलेला, एक कुलूप सैल,
मुठीवर कुणाच्या तरी घामाचा काळा ठसा.
कोया म्हणाला, अठरा.
मी सगळ्यात बारीक नळी शेवटपर्यंत ओढली,
वर तळहात ठेवून भार दिला.
वाकला नाही. फक्त कुरकुरला,
माणसं कुरकुरतात तितपत.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. अकरा वर्षं
लोकांना वर-खाली नेणाऱ्या तारांखाली बसतो.
पाचची ॲलन की किल्ल्यांच्या जुडग्यातच असते.
बोलता बोलता कुलूप आवळलं
आणि कोयापुढं बारा मोजून ठेवले,
शेवटचा एक बैशांच्या नोटांत.
त्यानं नोटांकडं पाहिलं, कुलपाकडं पाहिलं,
गल्ला उघडला.

निघताना म्हणाला, मधला दांडा वर काढू नकोस.
तो काढलास की तीन पाय नावालाच,
उभं राहायचं ते एकावर.
आणि खाली हूक आहे, वजन टांग.

खळ्यावर मामा तिवईवर चढून
वाऱ्याला धान्य द्यायचा.
सूप हलायचं, भुसा उडायचा,
तिवई हलायची नाही.
तिला हूक नव्हता. मामा शंभर किलोचा होता.

आमच्या गच्चीवर डिशच्या छत्र्या, कपड्यांच्या दोऱ्या,
समोर काळे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी हायवे.
रात्री अकरालाही वारा इस्त्रीसारखा गरम.
हूकला काय टांगू? टूलबॅग कंपनीच्या गाडीत.
अन्वर खाली गेला आणि
खोलीच्या तांदळाची पिशवी घेऊन आला,
दहा किलो, नुकतीच फोडलेली.

तीस सेकंद.
कुणी बोललं नाही. शिवाप्पानं शिंक दाबून धरली.
तांदूळ जरासा झुलला आणि थांबला.

फोटोत हायवेवर एकही गाडी नव्हती,
नुसत्या लाल आणि पांढऱ्या रेघा.
डोंगर होता. वर सप्तर्षी होते.
मध्येच वाळलेली लुंगी काढायला गेलेला अन्वर
कुठंच नव्हता.
तो स्क्रीन डोळ्याला लावून शोधत राहिला,
मी इथूनच तर गेलो, म्हणाला.
जे थांबतं तेच येतं यात, मी सांगितलं,
आणि सांगून झाल्यावर
दोघंही जरा गप्प बसलो.

मग खाली गेलो. पिशवीतून तीन मापं काढली.
भात झाला.

आता दर शुक्रवारी गच्चीवर जातो.
पहिल्या आठवड्यात तारे टाचणीच्या टोकासारखे येतात.
पंधरा तारखेनंतर जरा फुगीर.
पंचविशीला पिशवी वाऱ्यावर फडफडते,
सप्तर्षींचे चौदा होतात,
शिवाप्पा म्हणतो, बघ, पगाराआधी डबल.

कोयाला एकदा सगळे फोटो दाखवले.
त्यानं ते काउंटरवर पत्त्यांसारखे मांडले,
चष्मा वर केला,
आणि एकही न चुकता
तारखेप्रमाणे लावून दिले.